मेंदूच्या स्कॅनमध्ये काय दिसते आणि काय दिसत नाही

प्रतिमावाचक (मूळ लेख)

नमस्कार.

मेंदूच्या एमआरआय प्रतिमांचे विश्लेषण हे माझे गेल्या चौदा वर्षांचे काम आहे. कंपवात (पार्किन्सन) आणि वार्धक्यातील स्मृतिभ्रंश या दोन आजारांत मेंदूची रचना कशी बदलत जाते, याचा मी अभ्यास करते. मी डॉक्टर नाही आणि रुग्ण तपासत नाही. तरीही दादरला आमच्या सोसायटीत कोणाच्या घरी आजारपण आले की ते मोठे पाकीट माझ्याकडे येते. खिडकीच्या उजेडासमोर फिल्म धरली जाते आणि विचारले जाते, "यात काय दिसतंय?" दारात उभ्या उभ्या मला त्याचे उत्तर देता येत नाही. ते का देता येत नाही, हे नीट सांगावे म्हणून हा धागा काढते आहे.

'मेंदूचा स्कॅन' नावाची एकच तपासणी नसते. मेंदूची कवटी न उघडता त्याचा आडवा छेद पाहता येऊ लागला तो १ ऑक्टोबर १९७१ पासून. त्या दिवशी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सिटी स्कॅन झाला. त्याआधी मेंदूतील पोकळ्यांचा आकार कळावा म्हणून पाठीच्या कण्यातून हवा भरून क्ष-किरण चित्र काढावे लागे, आणि त्यानंतर रुग्ण कित्येक तास डोकेदुखीने हैराण होत असे. सिटी स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात, तो काही सेकंदांत होतो आणि ताजा रक्तस्राव त्यात पांढराशुभ्र दिसतो. पक्षाघाताचा रुग्ण आणल्याबरोबर आधी सिटी स्कॅन करतात तो याचसाठी. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यायचे असते, परंतु रक्तवाहिनी फुटलेली असेल तर तेच औषध जिवावर बेतू शकते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात त्यांचे केंद्रक विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि तो प्रतिसाद कोणत्या ऊतीत किती वेळात ओसरतो यावरून चित्र तयार होते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये हे तत्त्व मांडले. त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच रुग्णाच्या एकाच तपासणीत आपण आठ-दहा वेगवेगळ्या प्रकारची चित्रे घेतो, कारण यंत्राला प्रत्येक वेळी वेगळा प्रश्न विचारायचा असतो. पाण्याचे रेणू कोठे अडकून पडले आहेत, हे विचारले तर पक्षाघाताने नुकताच बाधित झालेला भाग उजळून निघतो. लोहाचे अंश कोठे आहेत, हे विचारले तर जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसतात. जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर फिल्मवर नसते.

पेट स्कॅनची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्यात मेंदूची रचना नव्हे, तर रसायनांचा वापर दिसतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती खातो हे मोजतात. या फ्लोरिनचे निम्मे अणू ११० मिनिटांत नाहीसे होतात, त्यामुळे ते बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र रुग्णापासून फार लांब असून चालत नाही. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये आपल्या परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. मुंबईकरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, म्हणून आवर्जून लिहिते.

राहिला फंक्शनल एमआरआय, ज्याची रंगीत चित्रे वर्तमानपत्रांत 'प्रेमात पडलेला मेंदू' अशा मथळ्याखाली येतात. ते रंग मेंदूत नसतात. ते संगणकाने नंतर भरलेले असतात. प्राणवायू वाहणारे आणि प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाजवळ वेगवेगळे वागते, हे १९३६ मध्येच कळले होते. त्याचा उपयोग मेंदूचे काम टिपण्यासाठी होऊ शकतो, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. म्हणजे आपण चेतापेशींचे काम थेट पाहत नाही. त्यांच्या कामानंतर चार-सहा सेकंदांनी तेथे वाढलेला रक्तपुरवठा पाहतो. चित्रातील तीन मिलिमीटरच्या एका घनात काही लाख चेतापेशी असतात आणि संकेतातील फरक एखाद-दोन टक्क्यांचाच असतो. इतक्या आडवळणाने आलेल्या पुराव्यावरून कोणाच्या मनात काय आहे हे सांगता येत नाही.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहा. मात्र कोणाच्या रिपोर्टवर येथे निदान मागू नये, मला ते करता येणार नाही.

---

गिरगावची लेक

लेख वाचून धीर आला, म्हणून लिहिते. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. चालताना तो हात अंगाला चिकटून राहतो, आणि फोडणीचा वास येत नाही अशी त्यांची तक्रार तर त्याही आधीपासूनची आहे. न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना बोटे उघडमीट करायला लावली, चालायला लावले, मनगट हलवून पाहिले आणि पंधरा मिनिटांत कंपवाताचे निदान करून गोळ्या दिल्या. एमआरआय सांगितला, तो आम्ही केला. रिपोर्टमध्ये 'वयोमानानुसार बदल, अन्यथा दोष आढळला नाही' असे आले.

तेव्हापासून घरात वाद चालू आहे. काका म्हणतात, एवढा खर्च करून काढलेला स्कॅन स्वच्छ आहे, मग आजार कसला? बाबांनाही ते पटले आणि चार दिवसांपासून त्यांनी गोळ्या बंद केल्या आहेत. निदान चुकले असेल का, असे मी विचारत नाही. स्कॅन स्वच्छ असूनही आजार असू शकतो का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

---

प्रतिमावाचक

ताई, आधी महत्त्वाचे. कंपवाताच्या गोळ्या अशा एकदम बंद करू नयेत. त्यामुळे शरीर ताठरणे, ताप येणे असे गंभीर त्रास होऊ शकतात. आजच डॉक्टरांना फोन करा, पुढचे नंतर वाचा.

होय, स्कॅन स्वच्छ असूनही कंपवात असू शकतो. किंबहुना नेहमीच्या एमआरआयमध्ये तो बहुधा स्वच्छच असतो. मेंदूच्या देठात वरच्या बाजूला काळसर रंगाचा एक लहान पट्टा असतो. तेथील पेशी डोपामिन तयार करतात आणि त्यांचे धागे मेंदूच्या आतल्या गाभ्यापर्यंत जातात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. मात्र हा पट्टा इतका लहान आहे की त्यातील झीज साध्या चित्रात डोळ्यांना दिसत नाही. तीन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर खास प्रकारचे चित्र घेतले तर निरोगी माणसात तेथे पाकोळीच्या शेपटीसारखी दुभंगलेली खूण दिसते आणि कंपवातात ती पुसट होते, परंतु ती वाचायला सराव लागतो.

मग डॉक्टरांनी एमआरआय का सांगितला? मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठणे, लहान लहान पक्षाघात, आवरणाखालचा जुना रक्तस्राव, गाठ अशा गोष्टींमुळेही चाल बिघडते, आणि त्या दिसल्या असत्या तर उपचारच बदलले असते. एमआरआयला विचारलेला प्रश्न 'कंपवात आहे का?' असा नव्हता, 'दुसरे काही आहे का?' असा होता. त्याचे उत्तर 'नाही' असे आले. म्हणजे तो रिपोर्ट निदानाच्या बाजूनेच बोलतो आहे.

डोपामिनच्या धाग्यांची स्थिती पाहणारी वेगळी तपासणी असते, तिला आपल्याकडे ट्रोडॅट स्कॅन म्हणतात. टेक्नेशियम जोडलेले औषध शिरेतून देतात आणि साधारण चार तासांनी चित्र घेतात. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना दोन स्वल्पविराम उजळलेले दिसतात. कंपवातात स्वल्पविरामाची शेपटी आधी जाते आणि पूर्णविराम उरतो. हाताच्या साध्या अनुवंशिक कंपात, किंवा चक्कर-उलटीच्या काही गोळ्यांमुळे आलेल्या कंपात स्वल्पविराम शाबूत राहतात. तेव्हा नुसता कंप आहे आणि बाकी लक्षणे संदिग्ध आहेत, अशा रुग्णात या स्कॅनचा खरा उपयोग होतो. मात्र कंपवाताशी साधर्म्य असलेले जे दुर्मिळ आणि अधिक वेगाने वाढणारे आजार आहेत, त्यांतही पूर्णविरामच दिसतो. तो फरक हा स्कॅन सांगू शकत नाही. तुमच्या वडिलांना ही तपासणी हवी की नको, हे त्यांचे डॉक्टरच ठरवतील. एका बाजूने सुरू झालेला कंप, न हलणारा हात आणि गेलेला वास ही लक्षणे एकत्र असताना अनुभवी डॉक्टरांना तिची गरज बहुधा वाटत नाही.

---

चुंबककक्ष

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे, परळ भागात काम करतो. मूळ लेख फार चांगला झाला आहे. त्यात खोलीच्या आतली बाजू जोडावी असे वाटले.

दीड टेस्लाचे चुंबक हे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचे असते, आणि ते रात्रंदिवस चालूच असते. यंत्राचा आवाज थांबला म्हणजे चुंबक बंद झाले, असे नातेवाइकांना वाटते, तसे नसते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर आत नेल्यामुळे रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला, हे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. म्हणून दारात आम्ही चार-चार वेळा तेच विचारतो, त्याचा कृपया राग मानू नये. मंगळसूत्र आणि जोडवी बहुतेक बायका काढून येतात, परंतु पदराच्या आत टोचलेली सेफ्टीपिन हमखास राहून जाते. केसांतल्या पिना, श्रवणयंत्र आणि कवळी यांविषयीही स्वतःहून सांगावे. हृदयात पेसमेकर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला क्लिप लावलेली असेल, तर ते नाव नोंदवतानाच सांगावे.

दुसरी गोष्ट हालचालीची. चित्र घेताना रुग्ण हलला की कडा दुहेरी येतात, आणि अशा चित्रावरून रिपोर्ट लिहिणाऱ्याचे काम कठीण होते. कंपवाताच्या रुग्णांना आम्ही गोळीची वेळ सांभाळून बोलावतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंजाच्या गाद्या लावतो आणि अध्येमध्ये बोलत राहतो. यंत्राचा ठोठो आवाज हा आतल्या वेटोळ्यांतून वीजप्रवाह झपाट्याने बदलत असल्यामुळे होतो; त्यात काही बिघडलेले नसते, एवढे आधी सांगितले तरी निम्मी भीती कमी होते.

---

मुलुंडचे मास्तर

मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक आहे. एमआरआयच्या इतिहासात मुंबईचा एक धागा आहे, तो येथे नोंदवावासा वाटतो. १९५१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या अल्कोहोलच्या नमुन्यातून चुंबकीय अनुस्पंदनाचे, म्हणजे एमआरआयमागच्या त्याच रेडिओलहरींच्या प्रतिसादाचे, एकाऐवजी तीन वेगवेगळे संकेत मिळवले. रेणूत हायड्रोजनचा अणू कोणाच्या शेजारी बसला आहे यावर त्याची वारंवारता किंचित बदलते, हे त्यातून स्पष्ट दिसले. यांतील एस. एस. धर्मट्टी पुढे भारतात परतले आणि त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले. मी वर्गात हा प्रसंग सांगत असे. मेंदूच्या तपासणीत त्या शोधाचा आज काही उपयोग होतो का, हे जाणून घ्यायला आवडेल.

---

प्रतिमावाचक

मास्तर, आपण हे लिहिलेत याचा मनापासून आनंद झाला. उपयोग होतो, आणि माझ्या मते अजून व्हावा तितका होत नाही.

त्या किंचित बदलणाऱ्या वारंवारतेच्या आधारावरच एमआर स्पेक्ट्रोस्कोपी चालते. नेहमीच्या एमआरआय यंत्रावर, चित्राऐवजी मेंदूच्या एका छोट्या चौकोनातून रसायनांचा आलेख काढता येतो. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे द्रव्य मुख्यतः चेतापेशींत असते. ते कमी झाले तर पेशी मेल्या आहेत किंवा आजारी आहेत. कोलीन वाढले तर पेशींचे आवरण वेगाने बनते आहे, जसे गाठीत होते. लॅक्टेट दिसले तर त्या भागाला प्राणवायू पुरेसा मिळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात प्रवत मंडल यांच्या गटाने याच पद्धतीने ग्लुटाथायोन हे पेशीरक्षक द्रव्य मोजले आणि अल्झायमरच्या रुग्णांत, स्मरणशक्तीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते कमी झाल्याचे दाखवले. हे संकेत पाण्याच्या संकेताच्या मानाने फार क्षीण असतात, त्यामुळे मोजायला वेळ लागतो, आणि वेगवेगळ्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी जुळवणे हे आम्हा लोकांचे रोजचे झगडणे आहे.

---

निवासी वैद्य

मी न्यूरॉलॉजीचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. 'प्रश्नाशिवाय उत्तर वाचता येत नाही' हा मुद्दा आमच्या विषयाने भारतात फार मोठी किंमत देऊन शिकला आहे.

आपल्याकडे सिटी स्कॅन यंत्रे आली, तेव्हा फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. चित्र ठळक करणारे औषध टोचून स्कॅन केला की पाच-दहा मिलिमीटरचे एक छोटे कडे उजळून निघे. रुग्ण बहुधा तरुण, अन्यथा धडधाकट, आणि फिट एखाद-दुसरीच. क्षयरोग घरोघरी असलेल्या या देशात हे कडे म्हणजे मेंदूतील क्षयाची गाठच असणार, असा तर्क झाला, आणि अशा अनेकांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधे देण्यात आली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की कडे नाहीसे झालेले असे, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटे. परंतु ज्यांनी औषध घेतले नव्हते, त्यांच्यातही ते नाहीसे होत होते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि १९८९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या गाठी बहुतांशी पट्टकृमीच्या मरत चाललेल्या अळीच्या होत्या. कृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून किंवा हातांवाटे पोटात जातात, अळी मेंदूत येऊन बसते, आणि ती मरू लागते तेव्हा भोवती सूज येऊन फिट येते. म्हणूनच शुद्ध शाकाहारी घरांतही हा आजार होतो. डुकराचे मांस खाल्ल्याने माणसाच्या आतड्यात कृमी होतो, आणि मेंदूतील अळी होते ती कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतील अंड्यांमुळे. सांडपाण्यावर वाढवलेली भाजी हा विषय आपल्या शहराला नवा नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

पुढे राजशेखर यांनी निकष ठरवून दिले: कडे २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नसेल, डोक्यातील दाब वाढल्याची लक्षणे नसतील आणि शरीरात अन्यत्र क्षय नसेल, तर शस्त्रक्रिया न करता फिटचे औषध देऊन वाट पाहता येते. आता एमआरआयमध्ये कड्याच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला की निदान पक्के होते. यंत्र सुरुवातीपासून खरेच बोलत होते. आम्हीच त्याच्या तोंडी आपले उत्तर घातले होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मुंबईचे आहे. डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७१ मध्ये, म्हणजे लंडनला पहिला सिटी स्कॅन झाला त्याच वर्षी, लहान मेंदूच्या झिजेचा एक अनुवंशिक आजार नऊ कुटुंबांत वर्णन केला. तोल जाण्याबरोबरच या रुग्णांची नजर एका बिंदूवरून दुसऱ्याकडे झटकन न जाता सावकाश सरकते, एवढ्या एका निरीक्षणावर त्यांनी तो इतरांपासून वेगळा काढला. १९९६ मध्ये त्या आजाराचे जनुक सापडले. आज आम्ही एमआरआयमध्ये त्या रुग्णांचा आक्रसलेला मेंदूचा देठ पाहतो, तरी ओपीडीत आमचे सर अजून आधी म्हणतात, "डोळे बघ."

---

दहा हजार नमुने

मी संख्याशास्त्र शिकवते. मेंदूच्या प्रतिमांवरील संशोधनाकडे मी साशंक नजरेने पाहते, आणि त्याचे कारण एक मेलेला मासा आहे. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मृत सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली, आणि प्रचलित पण सैल पद्धतीने आकडेमोड केली असता त्याच्या मेंदूतील काही ठिपके 'कार्यरत' ठरले. हजारो ठिपक्यांची एकाच वेळी चाचणी घेतली तर काही केवळ योगायोगाने उत्तीर्ण होणारच, आणि त्यासाठी दुरुस्ती करावीच लागते, हे त्यांना दाखवायचे होते. २०१६ मध्ये एकलुंड यांच्या गटाने सर्रास वापरल्या जाणाऱ्या आज्ञावल्या तपासल्या, तेव्हा ५ टक्के अपेक्षित असलेले खोटे निष्कर्ष काही परिस्थितीत ७० टक्क्यांपर्यंत जातात असे आढळले. अशा क्षेत्राच्या निष्कर्षांवर रुग्णांनी कितपत विसंबावे?

---

प्रतिमावाचक

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि मी तो पूर्ण स्वीकारते. माझ्या पहिल्या अभ्यासात कंपवाताचे बावीस रुग्ण होते. तेव्हा ती संख्या मला पुरेशी वाटली होती. आज वाटत नाही. २०२२ मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० लोकांच्या प्रतिमा तपासून दाखवले की मेंदूची रचना आणि बुद्धी, स्वभाव यांसारखे गुण यांतील संबंध इतके क्षीण असतात की ते खात्रीने सापडण्यासाठी हजारो माणसे लागतात. पंचवीस-तीस जणांवर केलेल्या अशा अभ्यासांतील पुष्कळसे निष्कर्ष म्हणूनच पुन्हा सापडत नाहीत.

एक भेद मात्र राखावा असे मला वाटते. हजार ठिपक्यांतून 'सर्जनशीलतेचे केंद्र' शोधणे वेगळे, आणि पक्षाघातात बाधित झालेला भाग दिसणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात परिणाम इतका मोठा असतो की संख्याशास्त्राची कसरत करावीच लागत नाही. आजारांच्या बाबतीत अडचण मधल्या पट्ट्यात येते. ७० वर्षांच्या माणसाचा हिप्पोकॅम्पस थोडा लहान दिसतो. तो आजाराने आक्रसला आहे, की त्याचा मूळचाच तेवढा होता? हे ठरवायला त्या वयाच्या, त्या समाजातील निरोगी माणसांचे माप हवे. जगभर वापरला जाणारा प्रमाण मेंदू कॅनडातील माँट्रियलच्या लोकांवरून बनवलेला आहे. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुणांच्या प्रतिमांवरून आपला नकाशा बनवला, तेव्हा भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान निघाला. यात कमीपणा काहीच नाही, शरीरयष्टीप्रमाणे कवटीही बदलते. परंतु परदेशी मापाने मोजल्यास आपली निरोगी आजी 'झीज झालेली' ठरू शकते, ही माझ्या दृष्टीने खरी चिंता आहे.

म्हणून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राचे काम मला फार मोलाचे वाटते. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या पुढाकाराने तेथे कर्नाटकातील श्रीनिवासपूरच्या खेड्यांमधील वयस्कर माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू झाला. १०,००० जणांना सामील करून घेण्याचे उद्दिष्ट आहे, आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या, रक्त, जनुके, एमआरआय हे सारे एकाच माणसाचे पुन्हा पुन्हा तपासले जाते. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये एका देशव्यापी अभ्यासातून पुढे आला. इतक्या माणसांचा आजार समजून घ्यायचा, तर आधी आपले निरोगी म्हातारपण कसे असते हे मोजायला हवे.

---

भायखळा पूर्व

माझा धाकटा भाऊ अपघातानंतर सात महिने डोळे उघडे ठेवून पडून आहे. बोलावले तरी ओळख दाखवत नाही. अशा माणसाला आतून समजत असते का, हे स्कॅनवरून कळते का?

---

प्रतिमावाचक

दादा, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ थांबले. आशा वाढवायची नाही आणि हिरावूनही घ्यायची नाही, अशा बेताने लिहिण्याचा प्रयत्न करते.

२००६ मध्ये ॲड्रियन ओवेन यांच्या गटाने अशाच स्थितीतील २३ वर्षांच्या एका तरुणीला यंत्रात ठेवून 'तुम्ही टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा' असे सांगितले. निरोगी माणसात हालचालीची कल्पना करताना जो भाग कार्यरत होतो, तोच तिच्याही मेंदूत झाला. 'आपल्या घरातील खोल्यांमधून फिरा' असे सांगितल्यावर दुसराच भाग झाला. २०१० च्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी ५ जणांना असे करता आले. २०२४ मध्ये अनेक देशांतील रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, बाहेरून कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी सूचना ऐकून मेंदूच्या पातळीवर ती पाळल्याचे दिसले. म्हणजे साधारण चौघांत एक. बाकीच्या तिघांविषयी मात्र यावरून काहीच म्हणता येत नाही, कारण रुग्ण त्या वेळी झोपेत असू शकतो, सूचना ऐकू आली नसेल, किंवा भाषेचा भाग दुखावलेला असेल.

ही तपासणी नेहमीच्या केंद्रांत होत नाही. परंतु खाटेशेजारी करण्याची एक सविस्तर तपासणी असते, ज्यात आरसा डोळ्यांसमोर हलवून नजर त्याच्या मागे जाते का हे वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा पाहतात. एकाच भेटीतील तपासणीत जाणिवेच्या खुणा पुष्कळदा निसटतात. ती तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि त्याच्याशी त्याच्या नावाने, ओळखीच्या आवाजात बोलत राहा.

---

भायखळा पूर्व

आभारी आहे. आरशाचे उद्या विचारतो.

---

गिरगावची लेक

मागे वळून कळवायचे राहिले होते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, गोळ्या त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा सुरू झाल्या, आणि काल बाबांना आणि काकांना दोघांनाही घेऊन गेले. एमआरआयला काय विचारले होते, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी तुम्ही लिहिलेत जवळजवळ तेच सांगितले आणि सध्या ट्रोडॅटची गरज नाही असे म्हणाले. मग त्यांनी उलट मलाच विचारले, बाबांचे जुने हस्ताक्षर घरी आहे का?

बाबा गेली तीस वर्षे जमाखर्चाची वही लिहितात. रात्री आम्ही सगळ्या वह्या काढून जमिनीवर ओळीने मांडल्या. कंप दीड वर्षापूर्वी सुरू झाला असे आम्ही समजत होतो. पण चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून अक्षर बारीक होत गेलेले आहे, आणि ओळीच्या शेवटी तर 'दूध' आणि 'दही' यांतला फरक भिंगाशिवाय कळत नाही. काकांनी ती पाने स्वतः चाळली, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि सकाळी तेच झेरॉक्स काढायला गेले. आता त्या प्रती एमआरआयच्या पाकिटात, फिल्मच्या मागे ठेवल्या आहेत.